सिद्कीया घाबरला कुणाला?

*प्रश्न : बायबलमधला यिर्मया ३८ हा अध्याय वाचताना गोंधळ होतो. यरुशलेमला बाबेलचा (बॅबिलोनचा) वेढा पडलाय, यहूदाचा राजा सिद्कीया यिर्मया संदेष्ट्याला गुपचूप बोलावून सल्ला विचारतो, यिर्मया म्हणतो, 'शरण जा, जीव वाचेल आणि शहरही जळणार नाही.' यावर राजा म्हणतो, मला भीती वाटते ती खास्द्यांना (म्हणजे बाबेलवाल्यांना) जाऊन मिळालेल्या यहूद्यांची! शत्रू दारात असताना भीती स्वतःच्याच माणसांची कशी? (जालना)*

हा सबंध अध्याय त्या एका वाक्याभोवती फिरतो. यिर्मया उघड सांगत होता की शहरात राहाल तर तलवार, दुष्काळ आणि मरी यांनी मराल, बाहेर पडाल तर जगाल. त्याचं ऐकून कितीतरी लोक बाहेर पडले. वेशीवर अशांना फितूर म्हणून धरत. खुद्द यिर्मयालाही बिन्यामीन वेशीवर याच आरोपाखाली पकडून मारहाण झाली. आता राजाने शरण जायचं म्हणजे त्याच लोकांसमोर मान खाली घालून उभं राहायचं. 'शेवटी आलात ना?' हे ऐकून घ्यायचं. बाबेलवाल्यांनी आपल्याला त्यांच्या हवाली केलं तर ते आपली विटंबना करतील, ही त्याची धास्ती. संदेष्टा खोटं बोलतोय असं तो एकदाही म्हणत नाही. सल्ला त्याला पटलाय. अडलंय ते चारचौघांत होणाऱ्या नाचक्कीपाशी.

यात राजाची पत आधीच तोळामासा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ मध्ये त्याला गादीवर बसवलं, मत्तन्या हे त्याचं नावही बदललं. वय एकवीस. त्याच्या आधी गादीवर असलेला पुतण्या यहोयाखीन बाबेलमध्ये कैदेत, पण जिवंत. तोच परत येऊन गादीवर बसेल अशी आशा अनेकांना होती. दरबारी यिर्मयाला मारायची परवानगी मागतात तेव्हा सिद्कीया म्हणतो, तो तुमच्याच हाती आहे, राजाला तुमच्यापुढे काही करता येत नाही. राजाच्या तोंडी हे वाक्य! मग त्यांनी यिर्मयाला टाक्यात सोडलं. आपल्या गडांवर असतं तसं खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं, पण पाणी आटलेलं, तळाशी नुसता चिखल. एबद-मलेख या कूशी (इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कूश देशातल्या) सेवकाने राजाकडे रदबदली केली, राजाने लगेच त्यालाही होकार दिला. (जो शेवटी भेटेल त्याचं खरं, असा हा कारभार.) एबद-मलेखाने वर ओढताना दोर काचू नयेत म्हणून जुनी फडकी काखेत धरायला दिली. युद्धाच्या धामधुमीत एवढा विचार करणारा तो एकच माणूस या गोष्टीत दिसतो.

त्या चिखलातून निघालेला यिर्मया आता राजाला सांगतो : तसं काही होणार नाही, ते तुला त्यांच्या हाती देणार नाहीत. पण शरण गेला नाहीस तर तुझ्या वाड्यातल्या बायका बाहेर नेल्या जातील आणि त्याच म्हणतील, तुझ्या जिवलगांनी तुला फसवलं, तुझे पाय चिखलात रुतले आणि ते मागे फिरले. ज्या कुचेष्टेला तू भितोस ती चुकणार नाहीच, उलट घरातूनच येईल. चिखल या वेळी राजाच्या पायाखाली.

*प्रश्न : शत्रूला शरण जा म्हणणारा तो देशद्रोहीच नाही का? (पुणे)*

दरबाऱ्यांचं म्हणणं हेच होतं : हा उरल्यासुरल्या सैनिकांचे हात ढिले करतो. लढणाऱ्या शहरात हा आरोप अगदीच फोल म्हणता येत नाही. हे दरबारी काल्पनिकही नव्हेत. अध्यायाच्या पहिल्याच ओळीतल्या चौघांपैकी दोघांच्या, म्हणजे शलेम्याचा मुलगा यूकाल आणि पश्हूराचा मुलगा गदल्या यांच्या नावाचे मातीचे मुद्राठसे यरुशलेमच्या दावीदनगरातील उत्खननात २००५ आणि २००८ साली मिळाले. पण यिर्मयाची वागणूक बघा. वेढा चालू असताना, स्वतः पहाऱ्यात असताना त्याने अनाथोथमधलं चुलतभावाचं शेत सतरा शेकेल रुपं मोजून घेतलं, खरेदीखत रीतसर साक्षी घालून केलं. पुढे शहर पडल्यावर बाबेलच्या सरदाराने सोबत चल, तुझी काळजी घेतो म्हटलं, तर हा गेला नाही, उद्ध्वस्त मुलखातल्या लोकांतच राहिला. फितुराला हे कशाला सुचेल?

*प्रश्न : भेटीबद्दल दरबाऱ्यांनी विचारलं तर 'मला योनाथानाच्या घरी परत पाठवू नका अशी विनवणी करत होतो' असं सांग, हे राजाने पढवलं आणि यिर्मयाने तसंच सांगितलं. संदेष्टा खोटं बोलला? (सोलापूर)*

योनाथान चिटणिसाच्या घराचाच तुरुंग केला होता आणि तिथे परत पाठवू नये अशी विनंती यिर्मयाने आधीच्या अध्यायात खरोखर केली होती. तेव्हा सांगितलेलं खोटं नाही, अर्धं आहे. चौकशीला आलेल्यांना राजाचं गुपित सांगायला तो बांधील नव्हता, असं माझं मत. मला जास्त खटकतो तो राजा. इतकं ऐकल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय, तर 'हे कुणाला कळू देऊ नकोस.'

*प्रश्न : शरण गेला असता तर खरंच वाचला असता? (नाशिक)*

पुतण्या यहोयाखीन शरण गेला होता आणि वाचला. बाबेलमध्ये सापडलेल्या मृत्तिकापट्टिकांत 'यहूदाचा राजा' म्हणून त्याच्या आणि त्याच्या पाच मुलांच्या नावे तेलाचा शिधा नोंदलेला आहे. कैदेच्या सदतिसाव्या वर्षी त्याची सुटका होऊन तो राजाच्या पंक्तीला जेवू लागला. सिद्कीया मात्र नबुखद्नेस्सराला दिलेली निष्ठेची शपथ मोडलेला बंडखोर, त्याला एवढी सवलत मिळाली नसती कदाचित. पण जे झालं त्याहून वाईट काय होणार होतं? तट फुटल्यावर तो रात्री राजाच्या बागेकडून, दोन भिंतींमधल्या वेशीतून निसटला आणि यरीहोच्या मैदानात पकडला गेला. रिब्ला येथे त्याच्यासमोर मुलांना मारलं, मग त्याचे डोळे काढले. तो शेवटी बाबेलला गेलाच, बेड्या घालून.

*प्रश्न : आहाज राजाही असाच घाबरला होता ना? (वसई)*

हो, यशया ७ मध्ये. आहाज हा यहूदाचाच आधीचा राजा, आणि यशया त्याच्या काळचा संदेष्टा. पण तिथे सल्ला उलटा होता : शांत राहा, भिऊ नकोस. आणि आहाजने 'मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही' असं सोवळं उत्तर देऊन अश्शूरची मदत मागवली. सिद्कीयाने निदान सोवळेपणाचं सोंग आणलं नाही.

*प्रश्न : आम्ही बेने इस्रायली (महाराष्ट्रातले ज्यू). आव महिन्याच्या नवव्या दिवशी आमच्या घरी बिरड्याचा रोजा असतो. तो याच घटनेचा का? (ठाणे)*

याच. वालाच्या बिरड्यावरून नाव पडलं तरी रोजा यरुशलेम पडल्यावर बाबेलवाल्यांनी तिथलं मंदिर जाळलं, त्या नाशाचा आहे. पुढे रोमनांनी दुसरं मंदिर जाळलं त्याचीही आठवण याच दिवशी. दिवसाबद्दल २ राजे २५ मध्ये सातवा आणि यिर्मया ५२ मध्ये दहावा असा फरक आहे. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात त्याची संगती अशी लावली आहे की शत्रू सातव्याला मंदिरात शिरला, नवव्याच्या संध्याकाळी आग लावली आणि दहाव्याला दिवसभर ते जळत राहिलं. जखऱ्या ८ मध्ये चार उपास सांगितले आहेत, ते परंपरेने याच काळाला जोडलेले : दहाव्या महिन्यात वेढा पडला, चौथ्यात तट फुटला, पाचव्यात मंदिर जळलं आणि सातव्यात बाबेलने नेमलेल्या गदल्या सुभेदाराचा खून झाला. हा गदल्या अहीकामाचा मुलगा, वर आलेला पश्हूराचा नव्हे.