कामगारांचे प्रश्न : ठेकेदारामार्फत कामाला लागताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे चाकण, रांजणगाव आणि भोसरी भागातील कारखान्यांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या वाचकांची आहेत. त्यांतील चार निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या सुरक्षिततेसाठी छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला असून आयटीआय फिटर झालो आहे. गावातील एका ओळखीच्या माणसाने चाकणच्या एका एजन्सीचे नाव सुचवले आहे. एजन्सी नोंदणीसाठी पैसे मागते आणि मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगते. कामाला लागण्यापूर्वी मी कोणती काळजी घ्यावी?

मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नका. पडताळणीसाठी ती दाखवावी, छायांकित प्रत द्यावी आणि मूळ प्रत त्याच वेळी परत घ्यावी. कागद अडकवून ठेवला की काम सोडण्याचे स्वातंत्र्यच जाते, आणि दोन महिन्यांचा पगार थकला तरी कामगार गुणपत्रिकेपायी तिथेच थांबून राहतो. पैशांबाबतही हीच सावधगिरी हवी. कारखान्याला माणसे पुरवण्याचा मोबदला ठेकेदाराला कारखान्याकडून मिळत असतो, त्यामुळे तुमच्याकडून ‘नोंदणी’, ‘गणवेश’ किंवा ‘डिपॉझिट’ म्हणून आगाऊ रोख मागणाऱ्या आणि पावती न देणाऱ्या माणसापासून दूर राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर तुमची नेमणूक कोणत्या नात्याने होत आहे, ते नीट वाचून घ्या. ‘कंत्राटी कामगार’, ‘फिक्स्ड टर्म’, ‘ट्रेनी’ आणि ‘अप्रेंटिस’ हे शब्द गेटवर सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांचे परिणाम फार वेगळे आहेत. फिक्स्ड टर्म कामगाराला कंपनी स्वतः ठरावीक मुदतीसाठी नेमते, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात लागू झालेल्या कामगार संहितांनुसार त्याला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो. अप्रेंटिसला पगार नव्हे तर विद्यावेतन मिळते, त्यातून पीएफ कापला जात नाही, आणि त्याचा करार अधिकृत नोंदणीचा असावा लागतो. तुमच्याकडून पूर्ण शिफ्टचे उत्पादन काढून घ्यायचे आणि कागदावर मात्र ‘ट्रेनी’ लिहून पीएफ व ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) टाळायचे, हा प्रकार या पट्ट्यात नवा नाही. करारावर सही करण्यापूर्वी त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

नेमणूकपत्र देणे आता प्रत्येक मालकावर बंधनकारक आहे. ठेकेदाराचे पूर्ण नाव व पत्ता, ज्या कारखान्यात काम करायचे त्याचे नाव, पगाराची फोड, म्हणजे मूळ वेतन किती आणि भत्ते किती, आणि रुजू होण्याची तारीख एवढे त्यात असलेच पाहिजे. मूळ वेतन अगदी कमी दाखवून बाकी सर्व रक्कम भत्त्यांत टाकलेली असेल तर सावध व्हा, कारण पीएफ त्या प्रमाणात कमी होतो. संहितांतील वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. पगार रोख घेऊ नका, बँक खात्यातच घ्या.

प्रश्न : मी भोसरीच्या एका कारखान्यात तीन वर्षे काम करतो. दर सात महिन्यांनी मला ‘ब्रेक’ देतात आणि काही दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत घेतात. 240 दिवस भरले तर कंपनीला मला कायम करावे लागेल, असे सहकारी सांगतात. हे खरे आहे का? शिवाय पगारातून पीएफ कापला जातो, पण पासबुकात काही महिने रिकामे दिसतात.

240 दिवसांची गोष्ट अर्धीच खरी आहे. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत, बदली किंवा तात्पुरत्या कामगाराची मागील बारा महिन्यांत 240 दिवस सेवा झाल्यास त्याला कायम करण्याची तरतूद होती, आणि कारखाने ‘ब्रेक’ देतात त्यामागचे कारण तेच आहे. परंतु ती तरतूद कारखान्याने स्वतः नेमलेल्या कामगारापुरती होती. ठेकेदाराकडच्या कामगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 2001 मध्ये स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचा कामगार ठरत नाही. ठेका केवळ नावापुरता असून प्रत्यक्षात नेमणूक, हजेरी, शिस्त आणि पगार हे सर्व कंपनीच ठरवत होती, असे पुराव्यानिशी सिद्ध करता आले तर गोष्ट वेगळी होते. पण ते न्यायालयात सिद्ध करावे लागते आणि त्याला वर्षे लागतात. म्हणून केवळ 240 दिवस मोजत बसून दुसऱ्या संधी सोडू नका, आणि हजेरीचे पुरावे मात्र आवर्जून जपा. गेटपास, पंचिंगच्या नोंदी, शिफ्टचे वेळापत्रक, कंपनीच्या सुपरवायझरने व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेल्या सूचना, या सर्वांचे मोल पुढे कळते.

पीएफच्या बाबतीत मात्र तुमची बाजू पक्की आहे. तुमच्या वेतनातून 12 टक्के कापले जातात आणि मालकानेही 12 टक्के भरायचे असतात, त्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात. मालकाचा हिस्सा तुमच्या पगारातून कापणे बेकायदा आहे. ठेकेदाराने रक्कम भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि पगाराचेही तसेच आहे: ठेकेदाराने पगार थकवला तर कंपनीने तो द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. ही जुन्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातील तरतूद नव्या संहितेतही कायम आहे. म्हणून तक्रारीचा अर्ज ठेकेदाराबरोबर कंपनीच्या मनुष्यबळ विभागालाही द्यावा आणि पोच घ्यावी. दोघांनीही दाद दिली नाही तर पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर, रिकाम्या महिन्यांच्या पगारपत्रकांसह, तक्रार नोंदवा. कपातीचा उल्लेख असलेले पगारपत्रक हाच येथे सर्वांत बळकट पुरावा आहे. ते मिळत नसेल तर खात्यात जमा झालेल्या रकमेचे बँक विवरण ठेवा.

दुसरी सूचना यूएएनविषयी, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफच्या खाते क्रमांकाविषयी आहे. प्रत्येक नव्या ठेकेदाराला आपला जुनाच यूएएन द्या आणि आधारवरील नाव व जन्मतारीख त्याच्याशी जुळते आहे, याची खात्री करा. प्रत्येक ब्रेकमध्ये पीएफ काढून घेण्याचा मोह टाळावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते, आणि तुकड्यातुकड्यांनी पैसे काढणाऱ्याची ती कधीच भरत नाही.

पुढे जायचे असेल तर या तीन वर्षांचा उपयोग दुसऱ्या प्रकारेही करून घ्या. लाइनवर फक्त भाग भरणारा माणूस उद्या बदलता येतो, पण ड्रॉइंग वाचणारा, व्हर्निअर आणि मायक्रोमीटरवर माप घेणारा आणि मशीनची सेटिंग जमणारा माणूस ठेकेदारालाही सोडवत नाही. मशीनची सेटिंग करणाऱ्या सेटरजवळ उभे राहून काम शिका, आणि प्रत्येक ठेकेदाराकडून काम सोडताना अनुभवपत्र मागा. त्यात केवळ ‘हेल्पर’ न लिहिता तुम्ही कोणत्या मशीनवर काम केले, ते लिहून घेण्याचा आग्रह धरा. काम सुटल्यावर देय रक्कम दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवी, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे बोट प्रेस मशीनमध्ये सापडले. ठेकेदाराने त्याला एका खासगी दवाखान्यात नेले आणि ‘घरी पडलो, असे सांग, खर्च आम्ही करतो’ असे सांगितले. आता ना खर्च मिळतो, ना पगार. आम्ही काय करावे?

तुमच्या भावाच्या बाबतीत जे घडले ते फार गंभीर आहे, आणि ‘घरी पडलो’ हे एक वाक्य कामगाराला आयुष्यभर महागात पडते. ईएसआयमध्ये ज्याची नोंदणी व्हायला हवी, अशा कामगाराला कामावरच्या दुखापतीसाठी आधी ठरावीक महिने हप्ते भरलेले असण्याची अट नाही. संरक्षण पहिल्या दिवसापासून असते. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते, आणि बोट कायमचे गेले असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवील त्या टक्केवारीनुसार आयुष्यभर दरमहा लाभ मिळतो. आजारपणाच्या रजेसाठी मात्र हेच प्रमाण 70 टक्के आहे आणि वर्षाला कमाल 91 दिवसांची मर्यादा आहे. अपघात कामावर झाला नाही असे नोंदले गेले, की भाऊ पहिल्या हक्कातून बाहेर पडतो. खासगी दवाखान्याचा खर्च वाचवणे हा ठेकेदाराचा हेतू नव्हता. अपघाताची नोंद होऊ नये, हा हेतू होता.

आता वेळ न दवडता खासगी दवाखान्याची सर्व कागदपत्रे, एक्स-रे आणि बिले गोळा करा, आणि तेथील डॉक्टरांना खरी हकिगत सांगून ती नोंदवून घेण्याची विनंती करा. त्यानंतर भावाला ईएसआय दवाखान्यात न्या. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरासाठी मोहननगर, चिंचवड येथील रुग्णालय आहे. ईएसआयच्या शाखा कार्यालयात अपघाताची तारीख, वेळ, मशीन, शिफ्टचा सुपरवायझर आणि पाहिलेल्या सहकाऱ्यांची नावे लिहून लेखी अर्ज द्या. त्याची प्रत कंपनीला द्या. कामगार 48 तासांहून अधिक काळ कामावर येऊ शकत नसेल, तर कारखान्याने अपघाताची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला देणे आवश्यक असते. ती दिलेली नसेल तर तेथेही अर्ज करा. पगार दरमहा 21,000 रुपयांहून अधिक असल्यामुळे भाऊ ईएसआयबाहेर असेल, तर कामगार नुकसानभरपाईच्या तरतुदींखाली मालकाकडून भरपाई मागता येते.

इतर वाचकांसाठी येथे थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक येणार नाही, अशी सोय असते. दोन्ही हात बटणांवर असतील तर ते डायखाली असू शकत नाहीत. उत्पादन वाढवण्यासाठी त्यांतले एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले, सेन्सर बंद केलेला किंवा गार्ड काढून बाजूला ठेवलेला दिसला, तर ते मशीन चालवू नका. डायमध्ये अडकलेला भाग हाताने काढू नका, त्यासाठी चिमटा किंवा चुंबक मागा. धोका दिसला तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. कंत्राटी कामगारालाही तो आहे. नव्या कामगाराला पहिल्याच रात्रपाळीत प्रशिक्षणाशिवाय प्रेसवर उभे करणे हा गुन्हेगारी निष्काळजीपणा आहे, असे आम्हांला वाटते. आणि दुर्दैवाने कोणाचे बोट तुटलेच, तर तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर ठेवू नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि अवयव जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे.

प्रश्न : मी रांजणगावच्या एका कारखान्यात एजन्सीमार्फत काम करते. कंपनीचा सुपरवायझर त्रास देतो. मी कंपनीची कामगार नसल्यामुळे तक्रार घेणार नाहीत, असे एजन्सी म्हणते.

एजन्सीचे म्हणणे चुकीचे आहे. 2013 च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात एजंट किंवा ठेकेदारामार्फत नेमलेली महिलाही संरक्षित आहे, आणि त्रास देणारा माणूस कंपनीचा असल्यामुळे तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडेच करावी. ती घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्या. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. समिती अस्तित्वात नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. रात्रपाळी तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही, आणि संमती दिली तरी सुरक्षिततेची व ने-आणीची व्यवस्था करणे हे मालकाचे काम आहे. तारखा, वेळा, संदेश आणि त्या वेळी जवळ असलेल्या मैत्रिणींची नावे आजच एका वहीत लिहून काढा, आणि ती वही कारखान्याच्या लॉकरमध्ये न ठेवता घरी ठेवा.