फ्लेक्सवरचे ४० फोटो

मागच्या अंकात माझ्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईचं मॅटर लावायच्या) दिवसांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, या वेळेस डिझाईनच्या लाईनमधल्या पोरापोरींच्या पत्रांचा ढीगच पडला. तीन घेतलीत. नाव छापू नका असं तिघांनीही सांगितलंय म्हणून गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, मी परभणीत फ्लेक्सच्या दुकानात ३ वर्षांपासून डिझायनिंग करायलोय. दिवसभर वाढदिवसाचे बॅनर, वर साहेब, खाली कार्यकर्ते, कधी कधी ४० ४० फोटो. रात्री मोबाईलवर पुण्या-मुंबईच्या पोरांचं काम बघतो अन् वाटतं आपल्याला काहीच येत नाही. पोर्टफोलिओ बनवायला बसलो तर टाकण्यासारखं एकबी काम सापडंना. कॉन्फिडन्स आणायचा कुठून? (वय २४, परभणी)

उत्तर : भाऊ, आधी त्या ४० फोटोंचंच बोलू. कोणाचा फोटो कोणापेक्षा अर्धा इंच मोठा यावरून दुकानात भांडणं होतात, साहेबांच्या बरोबरीनं कोणी दिसायला नको, पण पैसे देणारा दिसलाच पाहिजे, अन् ज्याचा वाढदिवस आहे त्याचं नाव गाडीवरून जाणाऱ्याला दोन-तीन सेकंदात वाचता आलं पाहिजे. काय आधी दिसावं, काय नंतर, याला कॉलेजात हायरार्की म्हणतात अन् ते शिकायला पोरं फी भरतात. तू ते रोज करायलास, पण डोळे झाकून करायलास, एवढाच फरक आहे.

म्हणून पुढच्या बॅनरला एकच गोष्ट कर. एकच. ४० जणांचे ४० मोबाईलमधून आलेले फोटो, एक तिरपा, एक गॉगलवाला, एकाच्या खांद्यावर लग्नातल्या कोणाचा तरी हात. सगळ्यांचे डोळे एका आडव्या रेषेत आण अन् सगळे छातीपासून सारखेच काप. कोणी शाबासकी देणार नाही, गिऱ्हाईकाला तर कळणारबी नाही, पण बॅनर शांत दिसेल अन् तो का शांत दिसायला हे फक्त तुला माहीत असेल. कॉन्फिडन्स म्हणतात तो मला तरी असाच आला, आपण काय केलं अन् का केलं हे सांगता यायला लागलं तेव्हा. त्याच्या पुढच्या बॅनरला दोनच फॉन्ट वापर. त्याच्या पुढच्याला नावाच्या चारी बाजूंनी जागा मोकळी सोड, मालक म्हणेल "इथं एक फूल टाक ना", तर टाक बाबा, पगार तो देतो, पण फूल नसलेली फाईल स्वतःजवळ ठेव.

दुसरं. तू मोबाईलवर ज्यांचं काम बघतोस त्यातल्या बहुतेकांचं काम इंग्रजी अक्षरांवर चाललेलं असतं. तू ३ वर्षांत देवनागरीच्या किती ओळी लावल्या असशील त्याचा हिशोब कर एकदा. इंग्रजी ओळ ऐसपैस करायला अक्षरांमधली जागा वाढवली तर चालतं, तेच मराठीत केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात, कापलेल्या दोरीसारखे. वरच्या ओळीतल्या "कृ"चा पाय खालच्या ओळीतल्या "र्की"च्या वेलांटी-रफारात अडकतो म्हणून मराठीला दोन ओळींत अंतर जास्त लागतं, हे तुझ्या बोटांना केव्हाच कळलंय, तुला कोणी त्याचं नाव सांगितलं नाही इतकंच. हे कमी समजू नकोस. आपल्याकडं अक्षरावर अख्खं आयुष्य घातलेली माणसं झाली. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं रंगवली, २०२० मध्ये ते गेले, त्यांची नाटकांची टायटलं शोधून बघ, नाटक गंभीर आहे का विनोदी ते तिकीट काढायच्या आधी अक्षरावरून कळायचं. जुन्या विंडोजमध्ये मराठी उघडलं की दिसायचा तो मंगल फॉन्ट र. कृ. जोशींचा, कोल्हापूरचा माणूस, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवायचे. दुकानात तुम्ही अजून श्रीलिपीवरच, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवरच, असाल तर हरकत नाही, पण घरी युनिकोडवर, म्हणजे कुठल्याबी कॉम्प्युटर-मोबाईलवर चालणाऱ्या मराठी टायपिंगवर, हात बसव. मुक्ता, बलू हे "एक टाईप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे फॉन्ट फुकट मिळतात. फोटोशॉप जुनं असेल तर त्यात, अन् इलस्ट्रेटरमध्ये, भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू करायला मात्र विसरू नकोस, नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते अन् जोडाक्षरं फुटतात, मग पोरं म्हणतात युनिकोड खराब आहे.

पोर्टफोलिओत तीनच कामं टाक. तुझाच जुना बॅनर, शेजारी तोच नव्यानं केलेला, खाली चार ओळी की काय बदललं अन् का. लोकांचे चेहरे न विचारता टाकू नकोस, त्यांच्या जागी करडे गोल ठेव, उलट रचना जास्त उठून दिसते.

अन् दुसऱ्यांचं काम रात्री अकराला बघणं बंद कर. दिवसभर स्क्रीनपुढं बसून डोळे शिणलेले असतात, त्या टायमाला कोणालाबी आपलं काम फालतूच दिसणार. बघायचंच असेल तर सकाळी दुकान उघडायच्या आधी बघ अन् हातात पेन घेऊन बघ, एक पोस्टर घे, त्यातलं मॅटर, फोटो, मोकळी जागा यांचे नुसते डबे वहीत काढ. पाच मिनिटांचं काम आहे. नुसतं अंगठ्यानं वर सरकवलेलं डोक्यात राहत नाही. आणखी एक, स्वतःचा बॅनर टांगला की वसमत रोडनं गाडीवर एकदा त्याच्या समोरून जा, थांबायचं नाही. जेवढं वाचता आलं तेवढंच तू डिझाईन केलंस असं धर. स्क्रीनवर चमकणारा निळा छपाईत जांभळा कसा झाला तेबी तिथंच दिसेल.

प्रश्न : मी अप्लाईड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोक्यात आयडिया भारी असतात पण कागदावर आल्या की बेकार वाटतात, म्हणून मी सुरुवातच करत नाही, सबमिशनच्या आदल्या रात्री बसते अन् कसंबसं उरकते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती, आता काय झालं काय माहीत. रोजची सवय कशी लावायची? (नांदेड)

उत्तर : अगं, ए ग्रेडनंच घोळ केलाय. त्या परीक्षेत ठरलेल्या वेळेत चित्र नीट काढून द्यायचं असतं, खाडाखोड न दिसणारं, अन् आपल्याला शाळेपासून वाटतं चांगलं काम म्हणजे पहिल्याच फटक्यात स्वच्छ उतरलेलं काम. मलाबी वाटायचं. डोक्यातली आयडिया भारी वाटते कारण डोक्यात तिला मापच नसतं, कागदावर आली की तिचे हातपाय दिसतात, मग कळतं एक पाय आखूड आहे. आखूड पाय दिसला हे बरंच झालं की.

अजिंठ्याला सहलीत गेली असशील. सगळे १ नंबर, १७ नंबर बघतात, पद्मपाणीपुढं गर्दी करतात, मग भूक लागते अन् परत फिरतात. पुढच्या वेळेस २४ नंबरच्या लेण्यात जा. पुरं झालं असतं तर तिथल्या मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं, पण राहिलं अर्धवट. कुठं नक्षी झालेली आहे, कुठं खांब अजून दगडाच्या ठोकळ्यातच अडकलेत. मला ते लेणं बाकीच्यांपेक्षा जास्त आवडतं, गाईड लोकांना नवल वाटतं, वाटू दे. तिथं उभं राहिलं की कळतं हे लोक काम कसं करायचे, आधी ढोबळ ठोकळा, मग आकार, नक्षी सगळ्यात शेवटी. तू एकदम नक्षीपासून सुरू करायलीस, म्हणून हात उठंना.

सवयीचं सांगायचं तर २० रुपयांची वही घे, भारी स्केचबुक नको, भारी स्केचबुकमध्ये कोणी घाण करत नाही. पेन्सिल नको, बॉलपेन घे, म्हणजे खोडता येणार नाही. एका पानावर सहा डबे आखायचे, काडेपेटीएवढे, अन् प्रत्येकात त्याच विषयाचं वेगळं ढोबळ लेआऊट. समज पोस्टर नांदेडच्या होला मोहल्ल्याचं आहे, तर पहिल्या दोन-तीन डब्यांत तलवार, घोडा, गुरुद्वाराच येणार, ते सगळ्यांनाच सुचतं, येऊ दे. चौथ्या डब्यापाशी डोकं रिकामं होतं अन् राग येतो. तिथं उठायचं नाही. पाचव्यात एखादवेळेस उडालेली धूळ अन् फक्त घोड्यांचे पाय येतील, एखादवेळेस काहीच येणार नाही. पंचवीस मिनिटं झाली की वही बंद, चांगलं चाललं असलं तरी बंद, म्हणजे उद्या बसायची ओढ राहते. पानावर तारीख टाक. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नकोस, त्यानंच सवय मोडते, माझी दोनदा मोडली.

अन् दाखवायचं आईला. ती भाकरी थापत असताना पान तिच्यापुढं धर, तीन सेकंद, अन् झाक. "कसं झालंय?" असं विचारू नकोस, ती चांगलंच म्हणणार, आई आहे. "पहिलं काय दिसलं?" असं विचार. ती म्हणाली "लाल काहीतरी" अन् तुला नाव दिसायला पाहिजे होतं, तर उत्तर मिळालं. कॉलेजात सगळ्यांपुढं कामाची चिरफाड करतात त्या क्रिटपेक्षा हे बरं, निदान भाकरी तरी मिळते.

प्रश्न : बीडला घरूनच लग्नपत्रिका, लोगो, सोशल मीडियाच्या पोस्ट करतो. गिऱ्हाईक नुसतं "मजा नाही आली" म्हणतं, दहा-दहा बदल सांगतं, अन् छापून चूक निघाली की माझ्यावर ढकलतं. आता फाईल पाठवतानाच हात थरथरतो. (बीड)

उत्तर : "मजा नाही आली" हे ऐकलं की लगेच बदल करायला बसू नकोस, फोन कर. "दादा, आधी पाहिलेलं कोणतं आवडलं होतं ते पाठवा" म्हण. निम्म्या वेळेस कळतं की त्यांना रंगाचं काहीच नाही, चुलत्याचं नाव खाली गेलंय. दोन वेळा बदल फुकट अन् तिसऱ्यापासून पैसे, हे काम घेतानाच सांगायचं, नंतर सांगितलं तर भांडण होतं. अंतिम प्रूफवर, म्हणजे छापायच्या आधीच्या शेवटच्या नमुन्यावर, व्हॉट्सअॅपला "ओके, छापा" असं लिहून घे, नुसता अंगठा चालणार नाही, अंगठा लोक न बघताच दाबतात.

थरथरीचं मात्र मला चांगलं माहीत आहे. लातूरला एका दुकानात ऑपरेटर होते तेव्हा मुलीकडच्या ओळीचीच कॉपी मारून मुलाकडचं नाव टाईप केलं, अन् मागचं खोडायचं राहिलं, नवरदेव झाला चि. सौ. कां. ५०० पत्रिका छापून, घड्या घालून, हळदीकुंकू लावून देवापुढं ठेवल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. मुलाचे मामा दुकानात आले ते काहीच बोलले नाहीत, पत्रिका काऊंटरवर ठेवली अन् बोट ठेवून माझ्याकडं बघत राहिले. कागदाचे पैसे माझ्या पगारातून कटले.

तेव्हापासून मी प्रूफ स्वतः वाचत नाही. डोळा जे पाहिजे तेच वाचतो. दुसऱ्या कोणाला मोठ्यानं वाचायला लावते, शेवटच्या ओळीकडून वर, अन् मी नुसती मूळ कागदावर बोट फिरवते. नावं, तारीख, वार, मुहूर्त, मोबाईल नंबर. वार अन् तारीख जुळते का ते कॅलेंडर काढून बघायचं, गिऱ्हाईकानं लिहून दिलेलं असलं तरी. घरी कोणी नसेल तर प्रिंट काढ अन् दुसऱ्या खोलीत जाऊन वाच, स्क्रीनवर सुटलेलं कागदावर सापडतं.

त्या लग्नाला मला आमंत्रण होतं बरं का, नव्या पत्रिकेवर मामांनी स्वतः हातानं नाव लिहून आणलं होतं. गेले मी. नवरदेव अजून कधी बाजारात भेटला की बायकोला सांगतो, याच ताईंनी मला सौभाग्यकांक्षिणी केलं होतं.