तलावांवरील छोट्या मच्छीमार कुटुंबांचा अर्थव्यवस्थेत खरोखर किती वाटा असतो?

तलावांवर मासेमारी करणाऱ्या छोट्या कुटुंबांचा अर्थव्यवस्थेत काही वाटा आहे का, आणि असल्यास तो आकडेवारीत इतका किरकोळ का दिसतो, असे आपण विचारले आहे. मी इंदूरचा, पोहे-जलेबीच्या या शहरात मासळीचा विषय सहसा निघत नाही, पण ज्या यशवंत सागराचे पाणी आम्ही पितो आणि ज्याचा समावेश २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, झाला, तशा जलाशयांवर माळव्यातील अनेक घरांची गुजराण होते.

माझ्या मते हा वाटा बराच मोठा आहे, फक्त त्याची नोंद भलत्या ठिकाणी होते. काठावर व्यापाऱ्याने वजन करून घेतलेला माल तेवढा वहीत चढतो. त्याआधी घरच्या चुलीवर गेलेली किंवा शेजारी दिलेली बारीक मासळी कुणीच लिहून ठेवत नाही, आणि गरीब घराला तर तिच्यातूनही प्रथिने मिळतात. जाळी दुरुस्त करणाऱ्या आणि बाजारात बसून मासे विकणाऱ्या बायकांचे श्रमही असेच सुटून जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील किमान ४० टक्के मासळी छोटे मच्छीमार पकडतात आणि या व्यवसायातील दर दहा माणसांत चार स्त्रिया असतात.

दुसरा प्रश्न असा की निर्माण झालेले मूल्य कुणाकडे राहते. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे तलावात दरवर्षी मत्स्यबीज (माशांची लहान पिल्ले) विकत आणून सोडावे लागते. त्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली की मासळी त्याच्याच भावाने त्यालाच द्यावी लागते, आणि शहरातल्या किरकोळ भावाचा मोठा भाग मधल्यांच्या हाती जातो. म्हणून तलावाचा पट्टा, म्हणजे मासेमारीचा भाडेकरार, कुणाच्या नावे आहे, हे मला उत्पादनाच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटते. आमच्याच मध्य प्रदेशातील तवा जलाशयावर धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींच्या सहकारी संस्थांच्या महासंघाला १९९६ मध्ये मासेमारीचा हक्क मिळाला. बीज सोडण्यापासून विक्रीपर्यंतचा सारा व्यवहार त्यांनी स्वतः सांभाळला, २००१ मध्ये मुदतही वाढली, परंतु व्याघ्र प्रकल्पाच्या निर्बंधांमुळे २००६ च्या अखेरीस तो हक्क संपला.

आपण पाहणी करणार असाल तर ‘मुख्य व्यवसाय कोणता’ एवढ्यावर थांबू नका. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. नेमक्या त्याच सुमारास माळव्यात सोयाबीनची पेरणी आणि निंदणी चालते, आणि त्या दिवसांत शेतमजुरीला गेलेले मच्छीमार कुटुंब कागदावर शेतमजूर म्हणून नोंदले जाऊ शकते. वर्षभराचा जमाखर्च महिन्यागणिक विचारावा आणि तो घरातील बाईलाही विचारावा.