दाबून सोडायचा स्विच

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. गेल्या वर्षी फोर्डच्या चॅसीवरची जुनी मोटरहोम घेतली. आतल्या दिव्यांची आणि पंपाची १२ व्होल्टची बॅटरी दाराच्या पायरीखाली आहे. हिवाळ्यात गाडी उभी असताना ती बॅटरी तोडून ठेवणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेने चालणारा मोठा स्विच, बिघडला, म्हणून मी लॅचिंग प्रकारचा नवा बसवला. स्विच मात्र घरात होता तो साधा ऑन-ऑफच लावला. आता सोलेनॉइड चालू होतो, पण बंद होत नाही, आणि हात लावला तर चटका बसतो. मालच खराब आला असेल का?
– एक वाचक

उत्तर : आधी तो स्विच ऑफ करा आणि तसाच राहू द्या. कॉइल, म्हणजे सोलेनॉइडच्या आतलं तारेचं वेटोळं, जळायच्या आत पत्र लिहिलंत हे फार बरं झालं.

गाडीचा सेल्फ मारताना जो सोलेनॉइड चालतो, तो करंट असेपर्यंतच ओढून धरतो. करंट गेला की स्प्रिंग त्याला मागे नेते. लॅचिंग सोलेनॉइड म्हणजे दाराची कडी. कडी एकदा सरकवली की धरून उभं राहावं लागत नाही, आणि काढायची तर उलट्या बाजूला ओढावी लागते. एका दिशेने क्षणभर करंट दिला की तो जोडतो, उलट्या दिशेने दिला की सोडतो. मधल्या काळात त्याला काहीच लागत नाही. महिनोन् महिने बॅटरी तोडून ठेवायला तो योग्य आहे तो यामुळेच. तुमचा स्विच एकाच दिशेने आणि सतत करंट देतोय. म्हणून तो उघडत नाही, आणि म्हणूनच तापतो. ती कॉइल सेकंदभराच्या कामासाठीच बनवलेली असते.

तुम्हाला हवा आहे तो डबल पोल डबल थ्रो (दोन वायरी एकदम दोन्हीपैकी एका बाजूला जोडणारा), दोन्हीकडे मोमेंटरी (दाबून सोडला की परत येणारा), मध्ये ऑफ असा स्विच. मागे सहा टर्मिनल असतात. मधली दोन कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलना जोडा. वरच्या दोघांपैकी एकाला प्लस, दुसऱ्याला मायनस. मग वरून खाली फुलीसारख्या दोन वायरी : वरचा डावा खालच्या उजव्याला, वरचा उजवा खालच्या डाव्याला. काम करताना बाहेरच्या विजेची केबल काढा, बॅटरीचं मायनस काढा, छतावर सोलर असेल तर तेही तोडा. फुली चुकली तर प्लस-मायनस थेट भिडतात. म्हणून कॉइल जोडण्याआधी प्लस आणि मायनसच्या वायरींवर मल्टिमीटर बीपच्या सेटिंगवर लावून स्विच तिन्ही जागी बघा. कुठेही बीप वाजता कामा नये.

आता जिथे मी स्वतः चुकलो ते सांगतो. स्विचचा प्लस सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या मोठ्या बोल्टवरून घ्या, लगेच फ्यूज टाका, मग वायर आत न्या. मी तो दुसऱ्या, म्हणजे लोडकडच्या (दिवे-पंपाकडे जाणाऱ्या) बोल्टवरून घेतला होता. घरासमोर सगळं छान चाललं, कारण बाहेरची वीज जोडलेली होती आणि कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारी पेटी) लोडच्या बाजूला १२ व्होल्ट पुरवत होता. पुढे जंगलातल्या कॅम्पवर, वीज नसलेल्या जागी, बटण दाबून बॅटरी तोडली आणि परत जोडता येईना. स्विचला करंट मिळायचा मार्ग मीच तोडला होता. भर पावसात पायरीखाली हात घालून दोन सुट्या वायरींनी कॉइलला क्षणभर करंट द्यावा लागला. बायको छत्री आणि टॉर्च धरून उभी होती. फ्यूज किती अँपिअरचा ते सोलेनॉइडच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेच वापरा.

रिलेच्या (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचच्या) कॉइलवर उलटा डायोड, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग, टाकायची अनेकांना सवय असते. इथे टाकू नका. करंटची दिशा उलटली की तो डायोड शॉर्ट होतो.

स्विच दोन्ही वेळा मध्येच परततो, त्यामुळे बॅटरी जोडलेली आहे की तुटलेली हे त्याच्याकडे बघून कळत नाही. लोडच्या बाजूने, फ्यूजमधून, १२ व्होल्टचा एक छोटा एलईडी दिवा स्विचशेजारी लावाच. गाडी उभी करून बाहेरची केबल काढलीत की बटण दाबा, दिवा विझलेला बघा, मगच दार लावा. ओहायोच्या थंडीत रिकामी झालेली लेड ॲसिड बॅटरी गोठून फुटू शकते. भरलेली सहसा टिकते.

गॅस गळतीचा डिटेक्टर बऱ्याच गाड्यांत मुद्दाम थेट बॅटरीला जोडलेला असतो. तुमच्याकडे तसा असेल तर तो या सोलेनॉइडमागे नेऊ नका. तो थोडी बॅटरी खातच राहील, म्हणून हिवाळ्यात अधूनमधून चार्जिंग करा.

हे सगळं कॉइलची छोटी टर्मिनल दोनच आहेत असं धरून लिहिलंय. तीन किंवा चार असतील तर आत दोन वेगळ्या कॉइल असू शकतात, आणि मग फुलीची गरज नाही. टर्मिनल मोजा, लेबलचा फोटो काढा आणि मला पाठवा. तोवर स्विच विकत घेऊ नका.