गेममधले बग आणि लांबलेल्या अपडेटवरून खेळणारे शिव्या घालतात, तेव्हा काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: एकट्याने मोबाईल गेम बनवला, त्यात बग निघाले, सांगितलेलं अपडेट दोनदा पुढे गेलं आणि आता लोक एक तारा देऊन वाट्टेल ते लिहितात, उत्तर द्यायचं की गप बसायचं? उत्तर द्यायचं. फक्त सगळ्यांना नाही, आणि तारखा देऊन तर अजिबात नाही.

मी स्वतः कोड लिहीत नाही. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही तिघं मिळून शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, एक छोटा गेम चालवतो. एक जण कोड लिहितो, एक चित्रं काढतो, आणि लोकांना तोंड द्यायचं काम माझ्याकडे. तळेगाव दशासरचा पट जवळच भरतो, त्यामुळे खेळणारे बरेचसे ओळखीपाळखीतले. पुण्या-मुंबईच्या डेव्हलपरला टीका स्क्रीनवर वाचावी लागते, आम्हाला ती पानठेल्यावर उभं राहून ऐकावी लागते.

एका पोट्ट्याने लिहिलं होतं, "गरिबाचा बैल काहून मांगं राह्यते बे? महागड्या मोबाईलवाल्याचा सुसाट पळते." खाली एक तारा. हरला म्हणून जळफळतोय, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण तशीच कुरकुर आणखी एकदोघांची दिसली, म्हणून प्रत्येकाला फोनचं मॉडेल विचारलं. निघालं ते असं: बैलाचा वेग सेकंदावर नाही, फ्रेमवर (स्क्रीनवर एकामागोमाग येणाऱ्या चित्रांवर) बांधलेला होता. सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर जोडी जेवढी पळायची, त्याच्या दुप्पट 120 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 120 फ्रेम दाखवणाऱ्या, फोनवर. जुना फोन 30 वर रखडला की जोडी निम्म्यावर. आणि पटात तर सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशोब! म्हणजे तो पोट्टा शब्दशः खरं बोलत होता. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: दर फ्रेमला किती वेळ गेला त्याने वेग गुणायचा. बग कुठे आहे ते मात्र आम्हाला त्या शिवीनेच दाखवलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. रिव्ह्यूमधल्या शिव्या बाजूला काढायच्या आणि मागे काय उरतं ते पाहायचं. कोणता फोन, गेमचा कोणता भाग, काय अडकलं, यातलं एक जरी उरलं तरी त्या माणसाला उत्तर. काहीच उरलं नाही तर पुढे चला. आई-बहिणीवर किंवा जातीवर गेलेलं असेल तर स्टोअरला कळवायचं आणि विसरायचं, तिथे वाद घालण्यात काही राम नाही.

प्ले स्टोअरवर उत्तराला 350 अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती आहे ते बरंच आहे असं माझं मत. दिलगिरीचा निबंध कोणालाच नको असतो. बग समजला का, कोणत्या आवृत्तीत सुधारला, नसेल तर कोणती माहिती हवी, संपलं. दुरुस्ती पोचली की तेच उत्तर बदलून तसं लिहा. उत्तराची सूचना खेळणाऱ्याला जाते आणि तो आपला रिव्ह्यू बदलू शकतो. "तारे वाढवा ना भाऊ" असं मात्र कधी लिहू नका.

मे महिन्यात आमच्याकडे "गेम अटकून राह्यला" अशा तक्रारींची लाट येते. पारा 45 च्या वर, फोन तापतो आणि प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. "तुमचाच फोन तापलाय" हे खरं असलं तरी बोलायचं नाही, कारण बाकीचे ॲप त्याच उन्हात चालतात. सेटिंगमध्ये 30 फ्रेमचा आणि कमी ग्राफिक्सचा पर्याय दिला, तक्रारी ओसरल्या.

आता उशिराचं. लोकांना उशीर चालतो, हुकलेली तारीख चालत नाही. कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, द्यायला "सोमवारी या" म्हणत चार सोमवार फिरवणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल गावात काय बोलतात ते आठवा. म्हणून तारखेऐवजी काम कुठवर आलं ते सांगा: क्रॅश सापडला, दुरुस्ती झाली, चाचणी सुरू आहे. हेही सांगा की दुरुस्ती तयार होणं आणि ती फोनवर पोचणं वेगळं. मध्ये स्टोअरची तपासणी असते, कधी तिलाच आठवडा जातो. मग अपडेट आधी थोड्या टक्के लोकांनाच सोडायचं, कारण काही बिघडलं तर वाटप थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे पोचलं त्यांना जुनी आवृत्ती परत देता येत नाही. हे एकदा साध्या भाषेत लिहून ठेवलं की निम्मे लोक शांत होतात.

गप राहून जमलेलीही उदाहरणं आहेत, नाही असं नाही. 'नो मॅन्स स्काय' हा गेम ऑगस्ट 2016 मध्ये आला तेव्हा तो बनवणाऱ्या हॅलो गेम्सवर प्रचंड टीका झाली. त्यांनी तोंड मिटलं, नोव्हेंबरमध्ये पहिलं मोठं अपडेट दिलं आणि पुढे वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत नाव परत कमावलं. 'सिल्कसाँग' हा गेम 2019 मध्ये जाहीर होऊन सप्टेंबर 2025 ला आला, मधला बराच काळ तो बनवणारी टीम चेरी गप्पच. पण त्यांच्या पाठीशी आधीचा 'हॉलो नाइट'सारखा गाजलेला गेम होता, आणि हॅलो गेम्सच्या पाठीशी विक्रीचा पैसा. तुमच्या-माझ्या गेमचं अपडेट सहा महिने आलं नाही तर लोक वाट पाहत नाहीत, अनइन्स्टॉल करतात.

तुम्ही एकटे आहात म्हणून एक सांगतो: कोड लिहायला बसण्याआधी रिव्ह्यू उघडू नका. आमच्या कोडवाल्याला ते वाचायची मुभाच नाही, मी त्याला फक्त बगची यादी देतो. तुमच्याकडे असा कोणी नसेल तर धाकट्या भावाला किंवा बहिणीला बसवा, शिव्या गाळून यादी करायला इंजिनिअर लागत नाही.

गेमचं नाव खाली टाका. आमच्याकडे 2 जीबी रॅमचे जुने फोन पडून आहेत, त्यांच्यावर चालवून कुठे अडकतो ते सांगतो.