वटवाघळांवरची पुस्तकं: मुलांना कोणती द्यावीत, मोठ्यांनी कोणती वाचावीत?

तुमचा प्रश्न असा आहे: नऊ वर्षांच्या मुलाला वटवाघळांचं वेड लागलंय, धाकटी पाच वर्षांची आहे, आणि हाती येणारं पुस्तक एक तर भुताखेतांचं निघतं नाही तर शाळेच्या धड्यासारखं. दोघांना काय वाचून दाखवावं आणि मी स्वतः काय वाचावं? मी मुलांसाठी वाचनाचे तास घेते आणि वटवाघूळ हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवं पुस्तक हातात आलं की मी मजकुराच्या आधी पंखाचं चित्र बघते. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच. चार बोटांची हाडं लांबच लांब वाढलेली, त्यांच्यामधे पातळ कातडी ताणलेली, आणि वरच्या कडेला नखासकट मोकळा अंगठा. चित्रात तो अंगठा आहे का, बोटं मोजता येतात का, एवढं बघा. ज्या चित्रकाराने ती बोटं नीट काढलीत, त्याने खरं वटवाघूळ निरखून पाहिलेलं असतं, आणि असं पुस्तक बाकीच्या गोष्टींतही सहसा दगा देत नाही. मुलाला स्वतःचा पंजा त्या चित्राशेजारी ठेवायला सांगा. हाताचा पंजा आणि पंख यांचा सांगाडा एकच आहे हे त्याला त्या क्षणी कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे फोटो. दात विचकलेलं, डोळे वटारलेलं वटवाघूळ मुखपृष्ठावर असेल तर ते पुस्तक मी बाजूला ठेवते. पकडून मुठीत आवळलेला कुठलाही छोटा प्राणी तसाच दिसणार. मर्लिन टटल या अमेरिकी संशोधकाने हेच ओळखलं आणि शांत, निर्धास्त वटवाघळांचे फोटो काढायला तो स्वतःच शिकला. लोकांच्या मनातली भीती कमी करण्यात त्या फोटोंचा वाटा फार मोठा आहे.

आता धाकटीसाठी. निकोला डेव्हिसचं ‘बॅट लव्ह्ज द नाइट’ (2001) हे माझ्या मते सगळ्यात चांगलं पहिलं पुस्तक. एक छोटं वटवाघूळ संध्याकाळी जागं होतं, शिकारीला जातं, पहाटे पिल्लाकडे परततं, एवढीच गोष्ट. पण त्यात एक जागा अशी आहे की मुलं श्वास रोखून ऐकतात: पतंग तोंडात सापडतो, आणि त्याच्या पंखांवरचे खवले इतके निसरडे असतात की तो दातांतून सुटतो. शिकार दर वेळी साधत नाही, हे इतक्या सहजपणे सांगणारी बालपुस्तकं मी फार कमी पाहिली आहेत. शेजारी बारीक अक्षरांत माहिती आहे. ती पहिल्या वाचनात वगळा, मूल विचारेल तेव्हा तिकडे वळा.

जॅनेल कॅननचं ‘स्टेलालूना’ (1993) जास्त प्रसिद्ध आहे. घुबडाच्या हल्ल्यात आईपासून तुटलेलं पिल्लू पक्ष्यांच्या घरट्यात वाढतं. त्यात एक बारकावा आहे जो बरेच वाचक नजरेआड करतात. स्टेलालूना फळं खाणाऱ्या वटवाघळांपैकी आहे, आणि अंधारात ती डोळ्यांनी बघते, आवाज काढून त्याचा प्रतिध्वनी ऐकत वाट काढत नाही. ते अगदी बरोबर आहे! आशिया-आफ्रिकेतली मोठी फळखाऊ वटवाघळं बहुतांशी नजर आणि वास यांवरच चालतात. शेवटी दिलेली माहितीही वाचून दाखवा. मजकुराच्या पानांवरची छोटी काळी-पांढरी रेखाचित्रं धाकटीला शोधायला लावा, कारण शब्द पिल्लाची गोष्ट सांगत असताना आईचं काय चाललंय ते तिथे दिसतं.

नऊ वर्षांच्या मुलासाठी केनेथ ओपेलची कादंबरी ‘सिल्व्हरविंग’ (1997). शेड नावाचं किरकोळ अंगाचं पिल्लू स्थलांतरात वादळामुळे कळपापासून तुटतं आणि एकट्याने वाट शोधतं. ही कादंबरी मला थोर वाटते ती साहसामुळे नाही, तर लेखकाने ऐकण्याचं बघणं करून दाखवलं म्हणून. आई शेडला वाटेचा नकाशा गाऊन देते, आणि तो आवाज त्याच्या मनात डोंगर-झाडांसह चित्र होऊन उमटतो. प्रतिध्वनीवर जगणाऱ्या प्राण्याला जग कसं भासत असेल, याची इतकी जवळची कल्पना मला कुठल्याही माहितीपुस्तकाने दिली नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. त्यातला गॉथ हा खलनायक इतर वटवाघळांना खातो आणि काही प्रसंग हिंस्र आहेत, तेव्हा आधी स्वतः वाचा. त्याची जात खरी आहे, अमेरिका खंडातलं सगळ्यात मोठं वटवाघूळ, पंखांचा पसारा मीटरच्या आसपास. ते पक्षी, उंदीर, कधी छोटी वटवाघळंही खातं. पण प्रत्यक्षात ते जोडीदार आणि पिल्लांसह कुटुंबाने राहतं, आणि मोठी वटवाघळं पिल्लांसाठी शिकार घेऊन येतात. कादंबरी संपली की हे मुलाला जरूर सांगा, नाही तर एका बिचाऱ्या जातीवर कायमचा शिक्का बसतो.

दोघांना एकत्र बसवून वाचायचं असेल तर रँडल जॅरेलचं ‘द बॅट-पोएट’ (1964), मॉरिस सेंडाकच्या चित्रांसह. एक वटवाघूळ दिवसा जागं राहायला लागतं, पक्ष्यांचं गाणं ऐकून कविता करायला लागतं, आणि ती ऐकवायला श्रोता शोधतं. मॉकिंगबर्ड हा गाणारा पक्षी फक्त वृत्ताचं कौतुक करतो. खारीसारखा छोटा चिपमंक मात्र घुबडाची कविता ऐकून खरोखर घाबरतो. पुस्तक छोटं आणि संथ आहे, धावपळ आवडणाऱ्या मुलाला कदाचित कंटाळा येईल. पण लिहिण्याची ओढ असलेलं मूल घरात असेल तर हे चुकवू नका.

तुमच्यासाठी सगळ्यात रंजक भाग म्हणजे शोधाचा इतिहास, आणि मुलालाही तो गोष्टीसारखा सांगता येईल. 1790च्या दशकात इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी या शास्त्रज्ञाने पाहिलं की ठार अंधारात घुबड धडकतं, वटवाघूळ धडकत नाही. त्याने वटवाघळांची दृष्टी घालवली तरी ती उडत राहिली. जिनिव्हाच्या लुई ज्युरिनने कान बंद केले, आणि ती आपटायला लागली. म्हणजे उत्तर जवळजवळ हाती आलं होतं! तरी पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं वटवाघूळ स्पर्शानेच वाट काढतं असं बडे लोक सांगत राहिले. शेवटी 1938 साली हार्वर्डमधला विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन आपली वटवाघळं घेऊन जॉर्ज पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. पिअर्सकडे माणसाच्या कानापलीकडचे आवाज पकडणारं यंत्र होतं, आणि शांत वाटणारी वटवाघळं त्यात कर्कश ओरडताना सापडली. पुढे ग्रिफिन आणि त्याचा सहकारी रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी हे एका परिषदेत मांडलं तेव्हा एका नामवंत शास्त्रज्ञाने गॅलाम्बोसचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं, असलं काही तुम्ही खरंच म्हणत नाही ना, या अर्थाने. हा किस्सा ग्रिफिनने ‘लिसनिंग इन द डार्क’ (1958) या पुस्तकात लिहून ठेवलाय. ते पुस्तक जड आहे. तेवढा वेळ नसेल तर रिचर्ड डॉकिन्सच्या ‘द ब्लाइंड वॉचमेकर’ (1986) मधलं वटवाघळांवरचं प्रकरण वाचा, सुरुवातीलाच आहे. टटलचं ‘द सीक्रेट लाइव्ह्ज ऑफ बॅट्स’ (2015) त्याहून हलकं, अनुभवांनी भरलेलं. बेडकांच्या हाकेवरून खाण्याजोगा बेडूक आणि विषारी बेडूक यांत फरक करणारं वटवाघूळ त्यात भेटेल.

वाचताना एक वाक्य दिसलं की थांबा: ‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं.’ हा आकडा बंद जागेत किडे सोडून केलेल्या प्रयोगांवरून हिशेबाने काढलेला आहे, मोकळ्या आकाशातला नाही. किडे खाणारी वटवाघळं शेतीचं नुकसान करणारे पतंग मोठ्या प्रमाणात फस्त करतात, हे खरं आणि पुरेसं मोठं काम आहे. त्याला फुगवायची गरज नाही. तसंच ‘वटवाघळं आंधळी असतात’ असं लिहिलेलं पुस्तक सरळ परत करा. रक्त पिणाऱ्या जाती किती, हेही बघा: 1400 हून जास्त जातींपैकी फक्त तीन, त्याही अमेरिका खंडातच.

पुस्तकं वाचून मुलगा वटवाघळं शोधायला लागेल, तेव्हा एक गोष्ट आजच पक्की सांगून ठेवा. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने कधीही शिवायचं नाही, ते कितीही गोड दिसलं तरी. काही वटवाघळांत रेबीज असतो आणि चावा इतका बारीक असतो की दिसतही नाही. हात लागला किंवा चावल्याची शंका आली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

जुनी पुस्तकं मिळाली तर घ्यायला हरकत नाही, फक्त छापल्याचं वर्ष बघून वाचा. त्यांत जातींची संख्या हजाराच्या आत असेल, आणि 2006 च्या आधीच्या पुस्तकात व्हाइट-नोज सिंड्रोम हा बुरशीचा रोग नसेलच. उत्तर अमेरिकेत गुहांमधे हिवाळा काढणारी लाखो वटवाघळं त्याने मेली आहेत. मुलगा थोडा मोठा झाला की मेरी के कार्सनचं ‘द बॅट सायंटिस्ट्स’ (2010) द्या. त्या रोगावर काम करणारे लोक त्यात गुहेत उतरताना दिसतात, आणि तुमच्या मुलासारख्या प्रश्न विचारणाऱ्याला ते फार आवडेल.