पेरू कोण खातंय, उंदीर की वटवाघूळ?

प्रश्न : पेरूच्या बागेत रोज रात्री फळं खाल्ली जातात. वटवाघूळ म्हणजे पंख असलेला उंदीरच, असं काही जण म्हणतात. बांधावरच्या उंदरांसाठी आणलेलं विषारी आमिष झाडाला टांगलं तर दोघांचाही बंदोबस्त होईल का?

उत्तर : कृपा करून टांगू नका. वटवाघूळ पिकलेल्या फळाच्या वासावर येतं, आमिषाच्या दाण्याकडे ते फिरकणारही नाही. मरतील त्या खारी आणि पाखरं.

आधी नुकसान कोणाचं ते ओळखा. झाडाखाली चावून थुंकलेले चोथ्याचे गोळे दिसले, फांदीच्या टोकाकडची पिकलेली फळंच गेली असतील, तर ते मोठं फळवटवाघूळ. ते गर दाबून रस गिळतं आणि चोथा टाकतं. बुंध्याशी कुरतडलेला ऊस, तिरका कापलेला भाताचा फुटवा, बांधावर ताज्या मातीचा ढीग, ही कामं शेतातल्या उंदराची. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे भूक नसली तरी तो कुरतडतोच. शिवाय कणसं बिळात साठवतो.

या दोघांत नातं जवळचं नाही. वंशावळीने वटवाघूळ उंदरापेक्षा गाईला जवळचं आहे! पण शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा फरक विणीचा. उंदराची मादी तीन-साडेतीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं देते, आणि तेही वर्षातून अनेकदा. फळवटवाघळाच्या मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं. म्हणून उंदीर एकट्याने मारून संपत नाहीत, शेजारच्या शेतातून पुन्हा येतात. वटवाघळांच्या थव्यात मात्र थोड्या हत्येने झालेली घटही लवकर भरून येत नाही. रात्री फुलांचं परागीकरण करणारा आणि वड-पिंपळाच्या बिया दूरवर पेरणारा हा प्राणी गमावणं आपल्याला परवडणार नाही, हे मी मनापासून सांगतो.

उंदरांसाठी सगळ्या शिवाराने एकाच वेळी, पीक निसवण्याआधी (कणीस बाहेर पडण्याआधी) मोहीम घ्यावी. संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं, ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाचं ०.००५ टक्के आमिष फक्त त्यांच्या आत खोल ठेवा. मेलेले उंदीर लगेच पुरा, नाहीतर ते खाऊन घुबडं मरतात.

बागेत फळ पूर्ण भरताच, झाडावर पिकण्याआधी तोडा. उरलेल्या झाडांवर जाळी लावायची तर बोट शिरणार नाही इतकी बारीक, आणि ताणून. सैल जाळीत वटवाघूळ अडकून मरतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत फळवटवाघूळ उंदरांच्या सोबतीने 'उपद्रवी' म्हणून नोंदलेलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली, तेव्हा जुन्या ऐकीव माहितीवर कुणी बंदूक उचलू नये.

उष्टं फळ, कोणाचंही असो, धुऊनसुद्धा खाऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. फळवटवाघळांमुळे निपाह आणि उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोस्पायरोसिस या आजारांचा धोका असतो. अशी फळं हातमोजे घालून गोळा करा आणि खोल पुरा.